रिकाम्या वॅगनचं वजन

काट्याच्या केबिनमधले किस्से सांगायले बसलो का एकातून दुसरा निघते. अन् प्रत्येकात तो वामनराव असतेच! नशीब माझं, दुसरं काय.

भिलईचा कारखाना तेव्हा उभा होऊन राहिला होता. आम्ही दोघंही नागपूरकडचे, वॅगनच्या वजनकाट्यावर क्लार्क. सीनियर मी! पण चहाले लोक जमत त्याच्याभोवती. मले वाटे, एकदा तरी कोणी म्हणावं, "बापूराव, पुढं काय?"

* * *

एकदा त्यानं नागपूरहून कोणतं तरी मासिक आणलं. म्हणे, "आकाशात तारकांचे मोठाले घोळके आहेत. इतके जोरात पळतात, का दिसते तेवढ्याच वजनावर कधीचे पांगले असते! म्हणजे न दिसणारं काहीतरी त्यायले धरून आहे."

"काय आहे ते?" फिटर साहूनं विचारलं.

"कोणालेच माहीत नाही!"

हे त्यानं असं सांगितलं, जसं प्रमोशनच झालं. अन् लोक खूश! मले जे माहीत होतं ते कोणी विचारत नव्हतं.

* * *

घरी, सेक्टर १० च्या क्वार्टरात, बायको म्हणे, "वामनभाऊजी किती छान सांगतात हो! तुम्ही कावून नाही सांगत?"

मी भाजी खारट आहे म्हणून ताट सरकवलं. मीठ बरोबर होतं.

* * *

मग एक रशियन इंजिनिअर दुभाष्या घेऊन ऐकायले आला. खूश होऊन त्यानं कोटावरचा बिल्ला काढून वामनरावले दिला. मीही हात पुढं केला.

साहेबानं शेकहँड केला!

* * *

मग माझं डोकंच फिरलं. प्रत्येक वॅगनवर तिचं रिकामं वजन रंगवलेलं असते, काट्यावर तेवढंच भरलं पाहिजे. एका दुपारी जेवायच्या सुट्टीत मी रुळाचे चार तुकडे ओढत आणले अन् रिकाम्या वॅगनखाली, काट्याच्या प्लेटवर लपवले. कंबर गेली. पण दोन क्विंटल जास्त!

"या रे! न दिसणारं वजन पाहा!" मी ओरडलो.

सगळे धावत आले. वामनरावच्या डोळ्यात तर पाणीच. "बापूराव, हे तुमालेच सापडायचं होतं!" म्हणत तो खाली वाकून पाहू लागला.

आता चोरी पकडणारच. मीच म्हटलं, "थांब बाबा. माझेच तुकडे आहेत. जळत होतो तुझ्यावर."

सगळे खो-खो हसले. साहूनं चारही तुकडे ओढून बाहेर टाकले. मी मान खाली घालून पुन्हा वजन घेतलं.

दोन क्विंटल जास्त.

पुन्हा घेतलं. तेवढंच! सकाळीच तपासलेला काटा, वॅगन आतून झाडलेली. हसणं बंद झालं. सगळे माझ्याकडे पाहून राहिले.

वामनराव हळूच म्हणाला, "बापूराव, आता काय ठेवलं?"

मी काहीच ठेवलं नव्हतं.