हायसी नावाचं गाव

किस्से कुणी साठवत नाही. उसाच्या फडात पाचट जसं आपोआप पडत राहतं आणि एक दिवस गुडघ्याएवढं होतं, तसंच ते. बारामतीला लागून असलेल्या जळोचीत पाण्याच्या टाकीखाली आमचं एक बाकडं आहे. तिथं बसणारे आम्ही तिघं, आणि आमचे किस्से सगळ्या जळोचीला पाठ. त्यातले निम्मे मीच तिखटमीठ लावून सांगितलेत.

पण बोटीच्या किश्शांत मी एक लबाडी केली. जिथं जिथं मी चुकलो, तिथं नानाचं नाव घातलं. नाना गरीब माणूस, लोक त्याला हसले तर तोही हसला. आता लिहायलाच बसलोय तर ज्याचं त्याच्या पदरात घालतो.

मला तात्या म्हणतात. शाळा चौथी, तीही पुरती नाही. हयात उसाच्या ट्रॉल्या ओढण्यात गेली. नाना सोमेश्वरनगरला साखर कारखान्यात बॉयलरवर होता, बायको वारल्यापासून जळोचीत लेकीकडं असतो. तिसरा सदाशिव. मूळचा कळसचा, पोस्टमन म्हणून लागला आणि पोस्टमास्तर होऊन घरी बसला. तिघांत शिकलेला तो एकटाच, आणि तिघांत कमी बोलणाराही तोच. मी सगळ्यात जास्त बोलतो. ह्यातच सगळं आलं.

* * *

सुरुवात उजनीच्या पाण्यात झाली. इंदापूरच्या बाजूला फ्लेमिंगो बघायला म्हणून आम्ही तिघं होडीत बसलो. होडी काठापासून जरा आत गेली आणि डुलायला लागली. मी बायकोला येऊन सांगितलं की नाना घाबरला. नाना नाही, मी घाबरलो. होडीवाल्याच्या पायाला मिठी मारून बसलो होतो.

नाना म्हणाला, "तात्या, त्याचा पाय सोड. त्यो वल्हं मारतोय."

पक्षी कुठल्या रंगाचे होते ते मला आजही सांगता यायचं नाही.

काठावर आल्यावर माझा आवाज परत आला. मी म्हणालो, "ही काय होडी म्हणायची? जायचं तर असल्या बोटीनं, की खाली पाणी हाय ह्येच कळू नये."

नाना म्हणाला, "मग बारामतीतच बस की."

* * *

तरी तो विषय बाकड्यावर राहिलाच. शेवटी एसटी स्टँडजवळच्या एका ट्रॅव्हलवाल्या मॅडमच्या हापिसात आम्ही तिघं जाऊन बसलो. क्रूझवर जायचं ठरलं होतं. कुठल्या, ते ठरायचं होतं.

मी विचारलं, "बोटीला मजले किती?"

"अकरा, काका."

माझं ठरलं. उजनीतल्या होडीला एकही मजला नव्हता.

नानाला मजल्यांशी देणंघेणं नव्हतं. त्यानं विचारलं, "जेवाण?"

"अनलिमिटेड. दिवसभर बुफे चालू असतो. स्पा आहे, पूल आहे, थिएटर आहे."

"वाढायला कोण?"

"बुफे म्हणजे आपलं आपण घ्यायचं, काका."

नाना म्हणाला, "ते तर आमी लग्नातबी घेतो. पर लग्नात दुसऱ्यांदा गेलं की लोक बघत्यात. हितं न्हाय ना बघत?"

मॅडमनं छातीवर हात ठेवून सांगितलं, कुणी बघत नाही. नानाचंही ठरलं.

मग सदाशिवनं त्याचा एकच प्रश्न विचारला. "बोट थांबती कुठं?"

मॅडमनं दुसरा कागद काढला. एक लहान बोट होती. मजले थोडे, पूल बारका, थिएटर नाही. पण ती चेन्नईहून निघून श्रीलंकेत दोन बंदरांना थांबत होती. सदाशिव खुर्चीत पुढं सरकला. म्हणाला, "तितनं गाडी करून अनुराधापूरला जाऊन येता येईल का?"

"एका बंदरावर पूर्ण दिवस मिळतो. येईल."

सदाशिवच्या वडिलांनी छप्पन साली धम्म स्वीकारला. बोधगयेच्या बोधिवृक्षाची फांदी संघमित्रेनं समुद्रातनं अनुराधापूरला नेली, ते झाड अजून उभं आहे, हे ते पोरांना सांगायचे. बघायला जायचं त्यांचं राहून गेलं. आता सदाशिवच्या बायकोच्या, शांताबाईंच्या, दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन दिवाळीनंतर ठरलेलं. सदाशिवचा स्वतःचा डावा हात पडल्यापासनं कामाचा नाही. दोघांनीच परक्या मुलखात जायची सोय नव्हती, धरायला माणूस लागणार होतं. म्हणून आम्ही सोबत हवे होतो.

बाहेर आल्यावर तो मला म्हणाला, "तात्या, येवढी एक खेप. त्यानंतर न्हाय निघायचं आमचं."

तिघांत हे एकच मागणं होतं ज्याला काही कारण होतं. माझं मागणं भीतीचं, नानाचं भुकेचं.

* * *

फैसला बाकड्यावर झाला. बायकाही आल्या होत्या. माझी कौसा भाजीची पिशवी घेऊन, शांताबाई काठी घेऊन. शांताबाईंनी अनुराधापूरला नेसायची पांढरी साडी इस्त्रीसुद्धा करून ठेवली होती, असं कौसा मला मागाहून म्हणाली.

कौसा शाळेत गेलेली नाही. आमच्या घरात नोटीस येवो की लग्नपत्रिका, मी वाचतो आणि मी म्हणेन ते त्यात असतं. मोठ्या बोटीचा कागद मराठीत होता. मी तो सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचायला घेतला. त्यात बोटीचा रस्ता छापला होता: मुंबई, हाय सी, मुंबई.

मी म्हणालो, "ही बोटबी थांबतीच की. हायसीला."

नाना म्हणाला, "हायसी कुठं आलं?"

"बेट आसतंय ते."

"तितं काय हाय?"

"आरं नावातच हाय म्हणलंय. न्हाय आसं काय नसंलच तितं."

सगळे हसले. मला हसणं मिळालं की मी थांबत नाही, ही माझी खोड. मी सदाशिवकडं वळून म्हणालो, "आन् झाड बघायला समुद्र कशाला वलांडायचा? माझ्या बांधावर पिंपळ हाय. कवाबी ये, फुकट बघ."

ह्याला कुणी हसलं नाही. शांताबाई काठी टेकत उठल्या आणि घराकडं चालू लागल्या. मला वाटलं, गुडघे दुखत असतील. खरं सांगतो, तेव्हा मला तसंच वाटलं.

सदाशिवनं माझ्या हातातला कागद घेतला, चष्मा लावला आणि बराच वेळ बघत राहिला. मग त्यानं माझ्याकडं बघितलं, कौसाकडं बघितलं. कागदाची घडी घालून मला परत दिला.

"तात्या म्हणतोय तर जाऊ हायसीला," तो म्हणाला.

मी जिंकलो. त्या दिवशी घरी मी पुरणपोळी करायला लावली.

* * *

पुढचा महिनाभर मी हायसी सगळ्या तालुक्यात नेलं. इंदापूरच्या बहिणीनं तिथली चादर मागितली. रंग विचारला तर मी म्हणालो, "बघून आनतो, तितं लई रंग आसत्यात."

न्हाव्याच्या दुकानात आम्ही तिघं बसलो होतो. न्हाव्यानं विचारलं, "तात्या, हायसी नेमकं कुठं?"

"गोव्याच्या पल्याड. बोटीनं एक रात."

न्हावी वस्तरा थांबवून सदाशिवकडं वळला. "पोस्टमास्तर, तुमच्या हातनं टपाल गेलं आसंल की हायसीला?"

सदाशिव पेपरातनं वर न बघता म्हणाला, "आपल्या बीटात येत न्हाय."

दुकान हसलं. सगळ्यात मोठ्यानं मी.

* * *

मुंबईला बोट बघितली आणि माझी मान दुखली, एवढी उंच. आत शिरल्यावर मात्र तिचा मोठेपणा मला भोवला.

आमची खोली सातव्या मजल्यावर. बोळ एवढा लांब की पलीकडच्या टोकाचा माणूस बारका दिसतो, आणि दारं सगळी एकाच साच्यातली. मी खाली चहा पिऊन आलो, कार्ड लावलं, दार उघडेना. मला वाटलं, कौसा आतनं कडी लावून झोपली. मी दारावर थापा मारल्या. "कौसे, उघड. बहिरी झालीस का?" दोन शिव्याही घातल्या. त्या लिहीत नाही.

दार उघडलं. आत एक गुजराती बाई, डोक्याला टॉवेल गुंडाळलेला. ती घाबरून म्हणाली, "कोण कौसे?"

मी सहाव्या मजल्यावर होतो. हा किस्सा मी गावात नानाच्या नावावर सांगितला. त्याला बायको नाही हे सांगताना माझ्या ध्यानातच आलं नाही. ऐकणाऱ्यांतल्या एकानं विचारलं, "मग नाना कुणाला हाक मारत हुता?" नाना तिथंच बसला होता. खाली मान घालून तो म्हणाला, "सवय आसती."

* * *

नानाचा स्वतःचा एकच किस्सा आहे, तो त्याला देतो. स्पामधल्या पोरीनं त्याला पाठीवर गरम दगड ठेवून शेकायची माहिती दिली. त्यानं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "पोरी, तीस सीझन बॉयलरपुढं शेकलोय. थंड दगड आसंल तर ठेव."

* * *

दुसरा दिवस उजाडला. हायसीचा दिवस.

मी सगळ्यांना बजावून ठेवलं होतं: नऊच्या ठोक्याला खाली काउंटरजवळ, पायात चालायचं पायताण, हातात पिशवी, पाण्याची बाटली. मी धुतलेलं धोतर नेसलो, टोपी घातली आणि नऊच्या आधीच खाली जाऊन उभा राहिलो. कौसा नानाला नाष्ट्यावरनं उठवून आणायला गेली होती.

काउंटरवरची पोरगी मराठी निघाली, चिपळूणकडची. मी विचारलं, "हायसीला कुठल्या दारानं उतरायचं?"

तिला कळलं नाही. मी कागद दाखवला, बोट ठेवून.

"आजोबा, हाय सी म्हणजे भर समुद्र," ती म्हणाली. "जिथं कुठलंच गाव नसतं ना, तो. आज दिवसभर आपण त्यातच आहोत. उद्या सकाळी परत मुंबई."

"मंग उतरायचं कुठं?"

"कुठंच नाही, आजोबा. वर पूल चालू झालाय बघा."

ती हसली नाही. हसली असती तर बरं झालं असतं, मला तिच्यावर ओरडता आलं असतं.

मी वळलो तेव्हा लिफ्टचं दार उघडलं आणि सदाशिव, शांताबाई बाहेर आले. शांताबाईंच्या अंगावर घरात नेसायची साडी, पायात सपाता. सदाशिवच्या हातात पिशवी नव्हती, बाटली नव्हती, काहीच नव्हतं. काउंटरवर पसरलेला माझा कागद दोघांनीही बघितला.

मी म्हणालो, "तुमी तयार न्हाय झालासा?"

सदाशिव म्हणाला, "न्हाय."

मी कागद उचलून त्याची घडी घातली. तेवढ्यात पलीकडनं कौसा आली, मागं नाना, खिशात केळी कोंबलेला. कौसानं नवी चप्पल घातली होती. हातात नारळ, खण, तांदळाची पुडी. नव्या गावात पाय ठेवायचा तर तिथल्या देवीची ओटी भरायला नको का, म्हणून तिनं ते जळोचीहून बांधून आणलं होतं. मला बोलली नव्हती.

"आलं का वं गाव?" तिनं विचारलं.

मी टोपी काढून हातात घेतली.

शांताबाई पुढं झाल्या. काठी डाव्या हातात घेऊन उजव्यानं त्यांनी कौसाचा दंड धरला आणि तिला मोठ्या काचेपाशी नेलं. बाहेर जिकडं बघावं तिकडं पाणी. पाखरूसुद्धा नाही.

"आलं की, वैनी," शांताबाई म्हणाल्या. "ह्येच हायसी. तात्यांनी बराबर वाचलं हुतं."

कौसानं काचेला कपाळ टेकून इकडं तिकडं बघितलं. "आन् देऊळ?"

"हितं पाण्यालाच ओटी भरत्यात."

कौसानं नारळ छातीशी धरला आणि माझ्याकडं वळून बघितलं. शांताबाई बघत होत्या, सदाशिव बघत होता, केळ सोलायचं थांबवून नानाही बघत होता.

"व्हय का वं?" कौसानं विचारलं.

मी म्हणालो, "व्हय."