आईने तिला चहाला बोलावलं होतं

नमस्कार मंडळी. या ग्रुपवर मी बरेच दिवस नुसता वाचतोय, लिहायची ही पहिलीच वेळ. नववीतून शाळा सुटली, त्यामुळे शुद्धलेखनाचं सांभाळून घ्या. आणि आधीच सांगतो — मी असल्या गोष्टी मानणारा माणूस नव्हतो. नाशिकला सातपूरच्या कारखान्यात पत्रा दाबायच्या प्रेसवर होतो तेव्हा कोणी म्हणालं की स्टोअरच्या मागे बाई उभी दिसते, की मी म्हणायचो, "दिसली की आत पाठव, मशीनवर माणूस कमी आहे." सगळे हसायचे. मीच जास्त हसायचो.

आता मी पोलंडमध्ये एका फॅक्टरीत प्रेस ऑपरेटर आहे. शहराचं नाव लिहीत नाही, कारण घरमालकीणबाई फार चांगल्या आहेत आणि त्यांना त्रास व्हावा असं मला अजिबात वाटत नाही.

इथे आलो तेव्हा कंपनीच्या हॉस्टेलमध्ये होतो. नाशिकला इंदिरानगरमध्ये, जॉगिंग ट्रॅकच्या मागच्या बाजूला आमच्या भाड्याच्या दोन खोल्या. तिथे माझी आई, बायको मनीषा आणि मुलगी ईश्वरी. ईश्वरी तेव्हा नुकती बालवाडीत जायला लागली होती. मनीषाला आणि पोरीला इकडे आणायचं तर व्हिसासाठी माझ्या नावावर घराचा लांब मुदतीचा करार पाहिजे होता. हॉस्टेलचा पत्ता चालत नाही. आई म्हणाली होती, "मी काय तिकडं येत नाय, गारठून मरंन. तुम्ही तिघं एकत्र राहा म्हंजे झालं."

पण घर मिळेना. फोनवर नाव सांगितलं की "दिलं गेलं." एक जण म्हणाला तुम्ही लोक मसाले जाळता, भिंतीला वास राहतो. माझ्या हॉस्टेलच्या खोलीत रमाकांत भाऊ होते — मूळचे मनमाडचे, वेल्डर, इथे जुने. त्यांना इथली भाषा येते. सुट्टीच्या दिवशी ते माझ्याबरोबर घरं बघत फिरायचे आणि प्रत्येक नकारानंतर म्हणायचे, "चल रे नाशिक, पुढच्या दारात जाऊन अपमान करून घेऊ." त्यांचे उपकार मी कधी फेडू शकणार नाही.

शेवटी त्यांच्याच ओळखीतून हे घर कळलं. जुनी बिल्डिंग, दुसरा मजला, एक खोली आणि किचन. मालकीणबाई साठीच्या असतील. त्यांनी माझं नाव दोनदा विचारून नीट म्हणून बघितलं. तेवढ्यानेच मला भरून आलं.

आम्ही गेलो तेव्हा बर्फ वितळून रस्त्यावर नुसता चिखल झाला होता. मी लगेच नाशिकला व्हिडिओ कॉल लावला. घर मनीषाला चालवायचंय, तिने बघायला नको? किचनमध्ये पाय ठेवला आणि एक वास आला... शेपूची भाजी, ओली लोकर आणि डांबरगोळ्या, सगळं एकत्र. वाईट नव्हता. माणसांच्या घरात येतो तसा वास. किचनमध्ये शेगडी, सिंक आणि खिडकीजवळ एक लाकडी खुर्ची. बाकी काही नाही. मालकीणबाई रमाकांत भाऊंना बाथरूममध्ये गरम पाण्याचा नळ दाखवत होत्या. मी एकटा किचनमध्ये फोन फिरवत होतो.

मनीषाने फोन आईकडे दिला. आईचा आवाज आला, "नमस्कार हो ताई! बरंय का? आमचा संत्या एकटाच हाय हो तिकडं, लक्ष ठेवा. आन् नाशिकला आल्या की घरी या बरं का. चहा घ्यायला या. आता ओळख झाली, संकोच करू नका."

आमच्या आईचं हे असंच आहे. पोस्टमन असो, गॅसवाला असो, एसटीत शेजारी बसलेली बाई असो — "या ना घरी" म्हटल्याशिवाय तिचं बोलणं संपतच नाही. मला वाटलं मालकीणबाई मागे येऊन उभ्या राहिल्या असतील. वळून बघितलं तर मागे कोणी नव्हतं. त्या अजून बाथरूममध्येच बोलत होत्या. मी म्हटलं, मघाशी दारात दिसल्या असतील आईला.

हॉस्टेलवर परत आल्यावर पुन्हा फोन केला. आई खूश. म्हणाली, "घर झ्याक हाय. पण ती दुसरी बाई काय बोललीच नाय रे. नुसती मान हलवली."

"कुठली दुसरी? मालकीण एकच आहे."

"मालकीण नाय रे. खिडकीपाशी खुर्चीत बसलेली. म्हातारी. राखाडी स्वेटर, डोक्याला फडकं बांधलेलं. मी या म्हटलं तर व्हय म्हणून मान हलवली तिनं."

मी मनीषाला विचारलं. ती म्हणाली, "अहो, मला नीट नाही दिसलं, ईश्वरी मधे मधे करत होती. पण कोणीतरी बसलं होतं. मला वाटलं मालकीणबाईंची आई असेल."

रमाकांत भाऊ बाजूच्या बेडवरून हे ऐकत होते. म्हणाले, "घरात आपण तिघंच होतो." मग लगेच, "काचेत काहीतरी दिसलं असेल. तू सही कर, दुसरं घर मिळणार नाही तुला."

मी सही केली. खरं सांगू, तिथे एक नाही, चार म्हाताऱ्या बसल्या असत्या तरी केली असती. मला माझी माणसं पाहिजे होती.

राहायला गेलो. पहिल्या दिवशी देवाचा फोटो लावला, दूध उतू घातलं. सुरुवातीला भीती वाटायची, सगळे दिवे चालू ठेवून झोपायचो. पण काहीच झालं नाही. घर एकदम शांत. किचनमधला तो वाससुद्धा गेला होता. मी समाधानाने मनीषाच्या व्हिसाच्या मागे लागलो.

मग मे महिन्यात एकदा मनीषाचा फोन आला. सहज बोलता बोलता म्हणाली, "आज दुपारपासून किचनमध्ये शेपूचा वास येतोय हो. मी शेपू आणलीच नाहीये. आणि डांबरगोळ्यांचा पण."

तो वास मी तिला कधीच सांगितला नव्हता. कोणालाच नाही.

मी म्हटलं, शेजारच्यांकडचा असेल. पण दुसऱ्या दिवशी तेच. आमच्या नाशिकच्या किचनमध्ये एक पांढरी प्लास्टिकची खुर्ची आहे, आई भाजी निवडायला घेते ती. ती खुर्ची रोज दुपारी खिडकीजवळ सरकलेली असायची. मनीषा ती परत ओट्याजवळ ठेवायची. नाशिकमध्ये त्या वेळी अंगाची लाही होत होती, पण मनीषा म्हणाली त्या खिडकीपाशी उभं राहिलं की पाय गार पडतात. मनीषाने आईला विचारलं तर आई निवांत. "अगं, आली असंल ती."

"कोण आली असेल?"

"मीच नाय का बोलावलं? माणूस शब्दाला जागलं म्हणायचं."

मनीषा रडकुंडीला आली. आई सुनेची चेष्टा करतेय असं मला वाटलं. मी आईवर चिडलो. पण मनीषा म्हणाली, "चेष्टा नाही हो. आई रोज दुपारी दोन कप चहा करतात. एक खुर्चीसमोर ठेवतात."

त्यानंतरच्या रविवारचं सांगतो, कारण ते मी स्वतः बघितलं. माझी सकाळ होती, तिकडे भर दुपार. मी किचनमध्ये उभा राहून मनीषाशी व्हिडिओवर बोलत होतो. ती ओट्याशी कणीक मळत होती, फोन डब्याला टेकवलेला. तिच्या मागे ती पांढरी खुर्ची. आणि खुर्चीत कोणीतरी बसलेलं होतं. राखाडी जाड स्वेटर, गुडघ्यावर ठेवलेले दोन्ही हात, डोक्याला फडकं. मला आधी आईच वाटली. पण आई तेव्हा ईश्वरीला घेऊन पुढच्या खोलीत होती, तिचा आवाज येत होता.

ती म्हातारी मनीषाकडे बघतच नव्हती. ती फोनकडे बघत होती. आणि माझ्याकडेही नाही... मान थोडी वाकडी करून माझ्या खांद्याच्या मागे बघत होती. आपण गावाला गेल्यावर कोणी आपल्या घराचा फोटो दाखवला तर कसं बघतो, तसं. ती तिचं किचन बघत होती.

"मनीषा, मागे..." एवढंच म्हणालो. ती वळली. खुर्ची रिकामी होती. पण वळताना तिच्या नाकात तो वास गेला असावा, कारण ती किंचाळत पुढच्या खोलीत पळाली. मी इथे जमिनीवर बसलो.

रात्री मनीषा म्हणाली, "ते घर सोडा. आत्ता सोडा."

घर सोडलं की करार गेला. करार गेला की व्हिसाचा अर्ज गेला, म्हणजे परत पहिल्यापासून सगळं. मी तिला ते सांगितलं तर ती म्हणाली, "मग मी पोरीला घेऊन माहेरी जाते, आणि तुमच्याकडे येतच नाही." मालकीणबाईंना विचारायचं ठरवलं, पण घाबरलो. वेडा समजून घर काढून घेतलं तर? शेवटी फोनवर भाषांतर करून एवढंच विचारलं, किचनमधली खुर्ची कोणाची? त्यांनी उत्तर टाईप केलं. मराठीत आलं ते असं : "ती घराबरोबर आहे."

रमाकांत भाऊंना सगळं सांगितलं. ते हसतील असं वाटलं होतं. हसले नाहीत. म्हणाले, "हे बघ नाशिक, पाहुणी चोरून आलेली नाही. बोलावणं गेलंय. आता निरोपही तुमच्याच घरातून गेला पाहिजे."

मी आईला म्हटलं, तिला जायला सांग. आई चिडली. "घरी आलेल्या बाईला जा म्हणू? रीत हाय का ही? ओटी भरून पाठवू."

पण ओटी भरायची सवाष्णीने. आई तर विधवा. म्हणजे मनीषानेच भरायची. मनीषा म्हणाली, "मी? त्या खुर्चीची?" मग रडत म्हणाली, "आणि तिचा नवरा आहे की नाही ते तरी माहीत आहे का आपल्याला?"

आई म्हणाली, "नसू दे. बाईमाणूस हाय ना? रिकाम्या हातानं नाय पाठवायचं."

दुसऱ्या दिवशी दुपारी मला फोनवर घेतलं. ईश्वरीला शेजाऱ्यांकडे ठेवलं होतं. मनीषा डोक्यावर पदर घेऊन खुर्चीसमोर उभी. मला खुर्ची रिकामीच दिसत होती. तिने हवेत हळदकुंकवाचं बोट पुढे केलं. थोडं कुंकू खुर्चीवर सांडलं. मग खण, नारळ आणि ओंजळभर तांदूळ खुर्चीवर ठेवले. आमच्याकडे इगतपुरीकडचा इंद्रायणी असतो, बारका, तोच. मनीषा हात जोडून म्हणाली, "आजी, आम्हाला तिथेच राहायचंय. आमच्यावर राग धरू नका."

आणि मागून आई सवयीने म्हणाली, "या हं परत!"

"आई!" मनीषा आणि मी एकदम ओरडलो.

तेवढ्यात माझ्या मागून वास आला. शेपू, ओली लोकर, डांबरगोळ्या. माझी वळायची हिंमत होत नव्हती. फोनमध्ये मनीषा माझ्याकडे बघत होती, आणि तिचा चेहरा बघून मला कळत होतं की तिला माझ्या मागे काहीतरी दिसतंय. ती एवढंच म्हणाली, "अहो... पोचल्या."

वळलो तेव्हा लाकडी खुर्ची रिकामी होती. पण तिच्यावर तांदळाचे दाणे होते. बारके. एक-दोन कुंकवाने लाल झालेले. मी इथे लांब दाण्याचा बासमती खातो. इंद्रायणी या शहरात मला कधीच मिळालेला नाही. नाशिकच्या खुर्चीवरचे तांदूळ कमी झाले का, विचारलं. मनीषा म्हणते, होते तेवढेच होते. आई म्हणते कमी झाले. ते दाणे मी कागदात बांधून देवाच्या फोटोमागे ठेवलेत. फेकायची भीती वाटते.

यानंतर व्हिसा झाला. मनीषा आणि ईश्वरी आता माझ्याजवळ आहेत. देवाचे, रमाकांत भाऊंचे आणि मालकीणबाईंचे आभार मानावे तेवढे थोडे. खिडकीजवळच्या खुर्चीवर आम्ही कोणी बसत नाही. ईश्वरीला आम्ही कारण सांगितलेलं नाही, तरी ती बसत नाही. किचनमध्ये तो वास बहुतेक दिवस असतो. मनीषा जाता-येता हळूच हात जोडते.

हे काय आहे ते मला सांगता येत नाही. फोनमधून बोलावलेलं कोणी एवढ्या लांब कसं जातं, आणि का जातं... रमाकांत भाऊंनाही नाही सांगता आलं. तुमच्यापैकी कोणाला माहीत असेल तर लिहा. पण माझी खरी भीती वेगळीच आहे, आणि त्यासाठीच हे लिहायला बसलो.

नाशिकला आता आई एकटीच आहे. मागच्या रविवारी मी सकाळी किचनमध्ये गेलो आणि थांबलो. वास नव्हता. अजिबात नव्हता. मी तसाच आईला फोन लावला. बराच वेळ वाजला. मग आईचा चेहरा दिसला, हसरा. मागे ओट्यावर दोन कप होते, दोन्हीतून वाफ येत होती.

"कोण आलंय, आई?"

"कोण येणार हाय माझ्याकडं?" आई म्हणाली, आणि खिडकीपाशची खुर्ची दिसू नये असा फोन हळूच भिंतीकडे वळवला.