चार बोटांची वायर

चढाच्या मध्यावर जीप तिसऱ्यांदा बंद पडली, तेव्हा डॉक्टर खाली उतरले आणि लशीचा थर्मास खांद्याला अडकवून चालायलाच लागले. त्यांचं ते पाठमोरं चालणंच मला लागलं.

त्यांच्या थर्मासमध्ये बर्फ होता आणि बर्फात देवीची लस. बर्फ वितळायच्या आत वाडीवर पोचायचं, एवढंच आमचं काम. मुळशीच्या तलावापलीकडच्या धनगरवाड्यांवर तेव्हा जीपशिवाय दुसरं वाहन जात नसे, आणि जीपसुद्धा अर्ध्या वाटेपर्यंतच. मी आरोग्य खात्याच्या वर्कशॉपमधला मेकॅनिक. वय चोवीस. गाडी सारखी बंद पडते म्हणून फोरमनसाहेबांनी मला पौडला गाडीबरोबरच राहायला पाठवलं होतं. गाडी चालवायचे म्हादूमामा. पन्नाशीचे, घोटावड्याचे, बोलायला फटकळ.

मी बॉनेट उघडलं. डिस्ट्रिब्युटरचं झाकण काढलं, पॉइंट बोटानं चाचपले, पॉलिश पेपर फिरवला, झाकण लावलं. मामांनी पुढून इंजिन फिरवायचं हँडल मारलं. गाडी चालू.

"बघा, पॉइंटच होते," मी म्हणालो.

"मागल्या येळंला बी पॉइंटच व्हते," मामा म्हणाले.

इथं थोडं समजावून सांगतो. पेट्रोलच्या इंजिनात पेट्रोल पेटवायला ठिणगी लागते. आमच्या जीपमध्ये ती अशी तयार व्हायची: बॅटरीतून थोडा करंट कॉइलमध्ये जायचा, कॉइल त्याचं जोरदार करंटमध्ये रूपांतर करायची, आणि डिस्ट्रिब्युटर तो पाळीपाळीनं चारही प्लगना वाटायचा. पॉइंट म्हणजे त्यातले उघडझाप करणारे दोन छोटे तुकडे. दुसरी पद्धत मॅग्नेटोची. त्याला बॅटरी लागत नाही. आत लोहचुंबक फिरतो आणि स्वतःच ठिणगी तयार करतो. पंपाच्या इंजिनांवर तेव्हा तसलेच असायचे.

मी त्या महिन्यात कॉइल बदलली होती. कंडेन्सर बदलला होता. पॉइंट दोनदा बदलले होते. गाडी पौडच्या आवारात झकास चालायची आणि चढावर मरायची. मला झोप लागत नव्हती. जेवताना डोक्यात तेच, आंघोळ करताना तेच. पुण्याला पार्ट आणायला गेलो, तेव्हा जुन्या बाजारात एका भंगारवाल्याकडे मला उभा मॅग्नेटो दिसला. आमच्याच जातीच्या इंजिनाचा, पंपावरून काढलेला. डिस्ट्रिब्युटर उपसून त्याच भोकात बसणारा. मला वाटलं, सुटलो.

डॉक्टरांना सांगितलं, तर ते लगेच तयार. "बॅटरी नको, कॉइल नको? मग वाट कसली बघतोस?"

"साहेब, फोरमनसाहेबांची परवानगी लागेल."

"ती येईपर्यंत निम्म्या वाड्या राहतील. मी सांगतो, बसव."

मामा बाजूला बिडी ओढत उभे होते. "कंपनीनं जे दिलंय ते बिघडलंय का, ते आदी बघ. बिघडलंय कुटं ते तुला ठावं न्हाई, आन् तू समदंच काढाया निघालायस."

"मामा, महिनाभर तेच बघतोय."

"मग आजून बघ."

मला बघायचं नव्हतं. काहीतरी करायचं होतं. त्या दुपारी मी मॅग्नेटो बसवला. जुना डिस्ट्रिब्युटर आणि कॉइल फेकणार होतो, पण मामांनी ते फडक्यात गुंडाळून गाडीतल्या पेटीत ठेवले. गाडी पहिल्या हँडलला लागली. पिरंगुटपर्यंत जाऊन आलो, एकदाही थांबली नाही. दुसऱ्या दिवशी ताम्हिणीच्या वाटेला लागलो. जो चढ आम्हाला नेहमी अडवायचा, तो गाडी घरघर न करता चढली. डॉक्टर म्हणाले, "शाब्बास." मी मामांकडे बघितलं. ते रस्त्याकडे बघत होते.

मुक्काम एका शाळेत केला. थंडीचे दिवस. सकाळी उठलो तर गवतावर दव गोठल्यासारखं पांढरं. डॉक्टरांना आठच्या आत निघायचं होतं. बॅटरी आधीच उतरलेली, त्यामुळे सेल्फ, म्हणजे बटणानं इंजिन फिरवणारी मोटर, चालत नव्हती. मामा हँडल घेऊन पुढं बसले.

मॅग्नेटोत एक गोष्ट असते, तिला इम्पल्स म्हणतात. हँडलनं इंजिन सावकाश फिरतं. तेवढ्या वेगात चुंबकाला जोर येत नाही. म्हणून आत एक स्प्रिंग आणि खटका असतो. खटका अडकून सुटला की टक्क आवाज येतो, चुंबक झटक्यानं फिरतो, आणि ठिणगी थोडी उशिरा, बरोबर वेळेला पडते. खटका अडकलाच नाही, तर ठिणगी पडली तरी वेळेआधी पडते. पिस्टन वर येतच असतो आणि स्फोट त्याला खाली ढकलतो. मग इंजिन उलटं फिरतं. हँडलही उलटं.

पौडला मी तो टक्क आवाज ऐकला होता. त्या सकाळी मामांनी दोनदा हँडल फिरवलं, आवाज आला नाही. माझ्या ते लक्षात आलं. खरंच आलं. पण मी काही बोललो नाही. साहेब घड्याळ बघत होते, आणि आदल्या दिवशीची ती शाब्बासकी मला अजून पुरत होती.

"जोरात मारा मामा!" मी ओरडलो.

त्यांनी जोरात मारलं. इंजिन एकदाच धडाडलं आणि हँडल उलटं आलं. मामा मागं फेकले गेले. आवाज काठी मोडल्यासारखा होता. उजवं मनगट एका बाजूला वळलं होतं. ते ओरडले नाहीत. फक्त म्हणाले, "गेला."

डॉक्टर धावत आले. बोटांनी सावकाश मनगट चाचपलं, शाळेतल्या दोन फूटपट्ट्या लावून पट्टी बांधली, हात गळ्यात अडकवला. मग माझ्याकडे वळले. "पुण्याला प्लास्टर घालावं लागेल. मी थर्मास घेऊन चालत पुढं जातो, तीन मैल आहेत. दुपारपर्यंत परततो. तोवर गाडी चालू झाली पाहिजे."

ते गेले. मी बॉनेटपाशी नुसता उभा राहिलो.

"पेटीत हाय बघ," मामा पायरीवरून म्हणाले.

मी मॅग्नेटो उतरवला. आत जुनं ग्रीस थंडीनं मेणासारखं झालं होतं आणि खटका त्यात रुतला होता. बसवण्याआधी उघडून धुतला असता, तर पाच मिनिटांचं काम. मी तो बाजूला ठेवला आणि जुना डिस्ट्रिब्युटर फडक्यातून काढला. या वेळी तो माझ्या हातात होता, इंजिनात नव्हता. उन्हात धरून फिरवून बघितला. कॉइलची तार जिथं जोडतात त्या बाहेरच्या खिळ्यापासून पॉइंटपर्यंत आतल्या आत एक वायर जाते. चार बोटं लांबीची. तिच्या खालच्या बाजूचं कापड झिजून तांबं उघडं पडलं होतं.

चढावर हादरा बसला की ते तांबं कडेच्या पत्र्याला टेकायचं. करंट तिथंच उतरायचा, ठिणगी मरायची. मी झाकण काढून पॉइंट चाचपायचो, तेव्हा माझंच बोट ती वायर बाजूला सारायचं. गाडी लागायची. मला वाटायचं, पॉलिश पेपरनं लागली.

मी मामांना दाखवलं. त्यांनी बघितलं आणि नुसतं "हं" म्हणाले.

सायकलच्या ट्यूबचा तुकडा वायरीवर चढवला, दोऱ्यानं बांधला. डिस्ट्रिब्युटर आणि कॉइल बसवले, खुणा जुळवून टायमिंग लावलं. आता हँडल मारायला मीच होतो. मामा डाव्या हातानं ॲक्सिलरेटरची खुंटी ओढून सीटवर बसले. मी हँडल धरलं आणि तसाच थांबलो.

"आंगठा आतून घालू नगंस," मामा म्हणाले. "बोटांच्याच बाजूला ठेव. खालनं वर वढ, वरनं खाली दाबू नगंस. उलटं आलं तर हात सुटतोय."

मी ओढलं. दुसऱ्यांदा ओढलं. तिसऱ्यांदा इंजिन लागलं. बॅटरी सेल्फ फिरवण्याएवढी नव्हती, ठिणगीपुरती होती.

दुपारी डॉक्टर परतले. सगळी लस टोचून झाली होती. मी त्यांना वायर दाखवली. त्यांनी ती वाकून बघितली आणि म्हणाले, "घाई मीही केली." गाडी मीच चालवली; पुण्यापर्यंत ती एकदाही थांबली नाही.

दुसऱ्या दिवशी फोरमनसाहेबांसमोर उभा राहिलो.

"मॅग्नेटो कुणाला विचारून बसवलास?"

"डॉक्टरसाहेबांना."

"ते इंजिनाचे डॉक्टर आहेत का?"

"नाही साहेब. बसवला मी. खटका वाजला नाही तेही मला कळलं होतं."

त्यांनी कागद पुढं सरकवला. "हे शेवटचं वाक्य आधी लिही."

लिहिलं. नोकरीच्या कागदावर शेरा पडला, एक पगारवाढ थांबली. नोकरी राहिली. मॅग्नेटो धुवून एका पंपावर लागला आणि तिथं तो वर्षानुवर्षं बिनतक्रार चालला. त्यात काही खोट नव्हती.

प्लास्टर निघाल्यावर मी घोटावड्याला मामांकडे गेलो. मनगट जरा वाकडं जुळलं होतं. माफी मागायला तोंड उघडलं, तर त्यांनीच हात वर केला.

"डॉक्टरनी हात बदलला का माजा? न्हाई. आदी कुटं मोडलाय ते चाचपलं, मग बांधला. तू उलटं केलंस." मग आत बघून म्हणाले, "चा टाका गं, पोरगं पौडावनं आलंय."

त्यानंतर तीस वर्षं मी इंजिनं उघडली. झाकण काढल्यावर आधी दोन्ही हात मागं घ्यायचो आणि नुसतं बघायचो. हाताखालच्या लोकांना ते गमतीचं वाटायचं.