सहा शाखा आणि एक खिडकी

भिवंडीजवळच्या आमच्या मानकोलीच्या गोदामात येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक खोक्याची नोंद होते. कोण काय बोललं, याची मात्र कुठेच होत नाही. मग ती बोलणी सगळी माझ्याकडे जमा होतात. वीस वर्षं डिस्पॅचला बसलोय, आता काढून टाकू म्हटलं तरी निघत नाहीत. त्यातले यंदाचे किस्से तर माझ्याच फजितीचे आहेत. दुसऱ्या कुणी तिखटमीठ लावून सांगण्याआधी मीच सांगून टाकतो.

झालं असं की, नारपोलीत आम्ही राहतो ती बिल्डिंग रिकामी करायची नोटीस आली. त्याच महिन्यात कंपनीने एक फॉर्म वाटला. जुन्या माणसांना हवी ती शाखा मागता येईल, राहायला क्वार्टर मिळेल. सहा शाखांची नावं, प्रत्येकापुढे चौकोन. दिवाळीच्या आत एकावर टिक करायची. कुठेच जायचं नसेल तर फॉर्म कोरा परत द्यायचा.

मला वाटलं, देवच पावला! लग्न झालं तेव्हा मी सुलभाला म्हणालो होतो, "वर्षभर कळ काढ, बाहेर काहीतरी दिसेल अशी खिडकी देतो तुला." त्याला अठ्ठावीस वर्षं झाली. आमच्या खोलीच्या खिडकीतून हात बाहेर काढला तर कापडाच्या लूमच्या शेडची भिंत लागते. तिने कधी बोलून दाखवलं नाही, म्हणून तर ते मला जास्त टोचतं. म्हटलं, आता द्यायचीच खिडकी. आणि नुसती खिडकी नाही. खाणं चांगलं, वादळवारं बेताचं आणि समोर सीन, असं तिन्ही बघून!

मी स्वतः शिर्डीच्या पुढे कधी गेलेलो नाही. पण राज्यभर माझ्या हातचे खोके जातात, तेव्हा महाराष्ट्र आपल्याला पाठ आहे, असा माझा समज होता.

*

पहिला सल्ला मिळाला स्मिताकडून. परत आलेला माल बघायचं काम तिचं. मुलगी हुशार, माझा मुलाहिजा अजिबात ठेवत नाही.

"काका, मोबाइलवर फोटो काय बघताय? माझ्या रॅकवर बघा. कुठली हवा कशी आहे ते खोका खोटं सांगत नाही."

पटलं मला. रॅकवर प्रत्येक शाखेचा खराब झालेला माल वेगळा लावलेला असतो. कोकणचा खोका उचलला तर तळ खालीच राहिला. साताऱ्याकडच्या खोक्यांना बुरशी. नागपूरचे खोके कोरडे ठणठणीत, पण उन्हाने टेप सुटून आतला माल बाहेर डोकावतोय. आणि सहाव्या शाखेचा कप्पा? रिकामा! एक खोका खराब नाही!

मी चार दिवस तरंगत होतो. घरी जेवताना सुलभाला सांगितलं, "अगं, तिथली हवाच अशी आहे की पुठ्ठासुद्धा आजारी पडत नाही!" बिल्डिंगमध्ये दोघा-तिघांना तिकडेच घर घ्यायचा सल्लाही देऊन टाकला.

पाचव्या दिवशी स्मिता माझ्या टेबलापाशी आली.

"काका, सहाव्या नंबरवर टिक नाही ना केलीत?"

"करतोच आहे. का?"

"ती शाखा अजून उघडायची आहे."

*

मग मी हवेचा नाद सोडला आणि खाण्याकडे वळलो. गाव कसं आहे ते ताटात कळतं, असं मी माल चढवायच्या डॉकवर सगळ्यांना ऐकवलं. नागपूरच्या गाडीवरच्या ड्रायव्हरने ते मनावर घेतलं. पुढच्या खेपेला त्याने घरून सावजी मटणाचा डबा आणला.

"झेपेल ना, साहेब?"

"अरे, मुरबाडची सासुरवाडी आहे माझी! तिखट काय मला नवीन आहे?"

पहिला घास उत्तम. दुसऱ्या घासाला ऐकू येणं कमी झालं. तिसऱ्याला भोईरदादांनी माझ्या हातातून डबा काढून घेतला. भोईरदादा म्हणजे आमचे लोडिंगचे मुकादम. माणूस इथल्याच गावचा, साठीला टेकलेला, पण दोन पोती दोन काखांत मारून चालतो.

ड्रायव्हर बिचारा घाबरला. म्हणाला, "साहेब, तुमच्यासाठी म्हणून मुद्दाम कमी तिखट करायला सांगितलं होतं हो!"

मी हाफ डे टाकून घरी जायला निघालो. पण अर्जात कारण काय लिहायचं? वीस वर्षांत पोटासाठी रजा घेतलेली नाही, लाज वाटत होती. भोईरदादा म्हणाले, "त्यात काय! लिव ना, नागपूरला घर बघाया गेलतो, पसंत पडला न्हाय."

*

कोकणात मात्र आम्ही खरंच जाऊन आलो. शनिवारी गेलो, रविवारी परत. क्वार्टर काय सुंदर! लाल माती, मागे माड, पुढे समुद्राची निळी रेघ. दुपारी सुरमईचं कालवण आणि वर सोलकढी. मी सुलभाकडे असा बघत होतो की समुद्र मीच आणवून घेतलाय! टिक करायला खिशातून पेनही काढलं होतं.

तेवढ्यात तिचं लक्ष छपरावर गेलं. पाण्याची टाकी जाडजूड दोराने मागच्या फणसाला बांधलेली होती.

शेजारच्या कुंपणाशी एक आजोबा उभे होते. त्यांना तिने विचारलं, "टाकी बांधून का ठेवलीय हो?"

"वादळासाठी. मागल्या खेपेला उडून पलीकडच्या वाडीत गेली. माणसं चांगली आहेत तिथली, परत दिली."

"आणि वादळात फणसच पडला तर?"

आजोबांनी फणसाकडे बघितलं, टाकीकडे बघितलं.

"मग टाकी शोधायला सोपी ना! फणसाला घेऊन लांब कुठे जाणार ती?"

परतीच्या एसटीत पनवेल आल्यावर सुलभा म्हणाली, "माणसं खरंच चांगली आहेत हो. पण नव्या गावात गेल्या गेल्या लोकांच्या दारात टाकी मागायला जायचं म्हणजे कसंतरीच वाटतं." मी पेन खिशात ठेवलं.

*

मग म्हटलं, डोंगर! डोंगरात टाकी उडाली तरी दरीतच जाईल, कुणाच्या दारात नाही. साताऱ्याच्या वरच्या अंगाला जी शाखा आहे, तिथल्या क्वार्टरमध्ये आम्ही मुक्कामाला गेलो. खिडकी दाराएवढी मोठी. समोर खोल दरी, पलीकडे दोन धबधबे, मधे ढग. मी पडदा असा सर्रकन बाजूला केला, जणू दरी खणायलाही मीच होतो.

"वा!" सुलभा म्हणाली.

जिंकलो! मी आंघोळीला गेलो. येऊन बघतो तर तिने खुर्ची उलटी फिरवलेली. दरीकडे पाठ, दाराकडे तोंड, मांडीवर घेवड्याच्या शेंगा.

"अगं, सीन तिकडे आहे!"

"बघितला की."

"मग?"

"मग आता पुढे काय? तिथे कोणी येत नाही, कोणी जात नाही."

"ढग येतात ना!"

तिने मान वळवून बघितलं. "आलेत का? बसा म्हणावं," म्हणाली, आणि पुढची शेंग मोडली.

*

या सगळ्यात आमच्या शकीलभाईंचं एकच पालुपद. "कदमसाब, कोई भी जगह ले लो, भिवंडी से तो अच्छी होगी।" शकीलभाई पॅकिंगला आहेत. आझमगढकडून मिसरूड फुटायच्या आत आले, आधी लूमवर होते. भिवंडीला शिव्या घालाव्या त्या त्यांनीच. धूळ, खड्डे, ट्रॅफिक, लाईट, एकेका विषयावर अर्धा अर्धा तास. आणि त्यांच्या मुलुखात काय, तर आमराई, नदी आणि अम्मीच्या हातची बिर्याणी.

यंदा आंब्याच्या दिवसांत महिन्याची सुट्टी घेऊन गेले. जाताना सगळ्यांच्या गळ्यात पडले. "इस बार लौटूँगा नहीं!" आम्ही शाल दिली, फोटो काढला. स्मिताच्या डोळ्यांत पाणी आलं.

बाराव्या दिवशी सकाळी शकीलभाई पॅकिंगच्या टेबलावर हजर!

"काय झालं? आम कम पड़ गए क्या?" मी विचारलं.

"आम बहुत थे, साब। अम्मी भी खुश थी।" त्यांनी टेपचा रोल हातात घेतला. "मगर उधर भिवंडी को गाली देने में मज़ा ही नहीं। मैं बोलता, इतने-इतने गड्ढे हैं। तो सब बोलते, अच्छा, उधर सड़क है!"

शाल मात्र परत नाही दिली त्यांनी.

*

फॉर्म द्यायला तीन दिवस उरले, तेव्हा मी भोईरदादांना गाठलं. म्हटलं, "दादा, तुम्ही शहाणे. सगळं बघून झालं, उरलेल्या दोन शाखा तर चौकशीतच बाद झाल्या. तुम्हीच सांगा, माणसाने राहावं कुठे?"

भोईरदादा मला हाताला धरून शटरपाशी घेऊन गेले. बाहेर कंटेनरची रांग लागलेली.

"ह्या बघ. तू उभा हाय ना, हितं माझा भाताचा खाचर व्हता. तो पिवळा ट्रक हाय, तिथं आंब्याचा झाड. पावसात हितून पार डोंगरापतूर हिरवागार दिसायचा."

"मग दादा, तुम्ही दुसरीकडे कुठे गेला नाहीत?"

"मी कुठं जाऊ? मी हाय तिथंच हाय. सीनच गेला."

मग ते हसले आणि मागे येणाऱ्या ट्रकवर ओरडले, "आन दे, आन दे पाठी! अजून हाय जागा!"

खरं सांगतो, त्या दिवशी मी घाबरलो. खाणं, वादळ, सीन, मी आपला तिन्ही गोष्टी तराजूत घालून बसलो होतो. आणि समजा, खिडकी मिळाली आणि चार वर्षांनी समोर कुणी गोदाम बांधलं तर? अठ्ठावीस वर्षांनी शब्द पाळायचा आणि तोही असा? त्या रात्री मला जेवण गेलं नाही.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी सुलभा म्हणाली, "अहो, आज हाफ डे टाका. एक भाड्याची जागा बघायची आहे."

"कुठे?"

"चला तर."

दुपारी घरी येऊन तिला घेतलं, तर रिक्षा परत मानकोलीलाच जाऊन थांबली. नवी बिल्डिंग, चौथा मजला. एजंट किल्ली घेऊन उभाच होता, बोलण्यावरून तिची-त्याची आधीची ओळख दिसत होती. दोन खोल्या, स्वच्छ. तिने सरळ जाऊन हॉलची खिडकी उघडली.

मी बाहेर बघितलं आणि माझं तोंडच उतरलं. खाली रस्ता, रस्त्यावर कंटेनर, रस्त्यापलीकडे आमचंच गोदाम! पाठची बाजू, चौथा डॉक. दुपारच्या चहाची वेळ होती. भोईरदादा, शकीलभाई आणि स्मिता ग्लास घेऊन उभे होते. भोईरदादा हातवारे करून काहीतरी सांगत होते, शकीलभाई मान हलवत होते.

"अगं, यासाठी का थांबलीस अठ्ठावीस वर्षं?" मी म्हणालो. मला खरंच रडू येईल असं वाटलं.

एजंटही ओशाळला. "काका, मी काकूंना तेव्हाच बोललो होतो, या साइडला काय सीन नाय. खाडीच्या साइडचा पण खाली आहे. भाडं सेम."

सुलभा खिडकीतून हलली नाही.

"गेल्या गुरुवारी मी एकटीच येऊन गेले इथे," ती म्हणाली. "याच वेळेला. तुम्ही तिकडे उभे होतात."

गुरुवारी!

"दोन प्लेट भजी खाल्लीत."

"अगं, ती शकीलभाईंनी आग्रह..."

"आणि घरी येऊन म्हणालात, भूक नाही, कामाचं टेन्शन आहे."

एजंट भिंतीचा रंग बघायला लागला.

"हसत होतात," ती म्हणाली. "स्मिता काहीतरी बोलली, आणि तुम्ही पार वाकून, गुडघ्यावर हात मारून हसत होतात. शकीलभाईंच्या अंगावर पडायला आला होतात. इथपर्यंत ऐकू येत होतं." मग माझ्याकडे वळून ती म्हणाली, "तुम्ही असे हसता, हे मला माहीतच नव्हतं."

खाली भोईरदादांचं सांगून संपलं असावं. तिघेही एकदम हसले. स्मिताचा चहा सांडला.

एजंट खाकरला. "काकू, मग खाडीची साइड दाखवू ना?"

"ह्यांना दाखवा," सुलभा म्हणाली. "मी थांबते इथे."