लंबू डेव्हलिनांची धाकटी

टायरोन परगण्यातल्या आमच्या भागात दगड भिरकावला तर तो डेव्हलिन आडनावाच्या माणसालाच लागतो, म्हणून प्रत्येक घराण्याला टोपणनाव. फेलिम लंबू डेव्हलिनांतला, बायको नूला तांबड्या डेव्हलिनांतली. फेलिम सहा फूट सात इंच. दुधाचा टँकर चालवायचा, आणि लंबू असल्याचा त्याला कोण अभिमान! फुटबॉलच्या मैदानात त्याच्या डोक्यावरून चेंडू काढायची कुणाची टाप नव्हती. लग्नातली अंगठी दोनदा मोठी करून घ्यावी लागली, बुटांचा नंबर चाळिशीतही वाढत होता, तरी "हाड आहे लंबूंचं," म्हणत मिरवायचा. डोकं ठणकायचं ते मात्र कुणाला सांगत नसे.

शेवटी बाजूचं दिसेनासं झालं आणि टँकर फाटकाच्या खांबावर गेला, तेव्हा कळलं. मेंदूखालच्या वाटाण्याएवढ्या ग्रंथीवर गाठ होती, तीच अंगात वाढीचं हार्मोन सोडत होती. गाठ काढली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हे घराण्यातून येतं. मुलींना तपासा. लवकर सापडलं तर आवरता येतं."

मुली दोन. सोळाची ग्रानिया बापासारखी ताडमाड. अकराची ऊना वर्गात सगळ्यात ठेंगणी. फेलिम ग्रानियाला तेवढं घेऊन निघाला.

"आणि ऊना?" नूलाने विचारलं.

"तिला कशाला सुया टोचायच्या? ती तांबड्यांची. आजोळावर गेलीय."

आता ह्याला काय म्हणावं! रक्त काय फूटपट्टी घेऊन वाटणी करतं? नूला कडाडली, "का रे, पोरगी तुझी नाही का? तीही खांबावर आदळल्यावर नेणार?" आणि ऊनाला स्वतःच घेऊन गेली.

निकाल आले. ग्रानिया साफ सुटली, ती नुसतीच उंच होती. बापाच्या जनुकातला दोष ऊनात निघाला. गाठ होईलच असं नाही, पण दरवर्षी तपासायला हवं, असं पत्रात लिहिलं होतं.

फेलिमला लाज वाटली, भीती त्याहून जास्त. ऊनाला स्वयंपाकघरात समोर बसवून त्याने सगळं नीट सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं. मग एकदम खुलली.

"म्हणजे डॅडी, खरी लंबू मी? ग्रानिया नाहीच!"

फेलिमने होकाराची मान डोलावली. तिच्यासमोर रडायचं नाही असं ठरवून बसला होता, ते काही जमलं नाही.