बैलांचा रवंथ आणि माझा श्वास

मैत्रिणींनो, तुम्हाला स्वस्थ बसायला कोणी शिकवलं?

आज सकाळी वाशीमच्या योगवर्गात शिकवणारी मुलगी म्हणाली, "आजी, श्वास सावकाश सोडा." आमचे हे गेल्यापासून जीव सारखा घाबरतो, श्वास कसला सावकाश होतोय!

डोळे मिटले आणि पन्नासच्या दशकातलं माझं माहेरगाव इंझोरी आठवलं. औत सुटलं की बाबा लगेच जेवत नसत. गोठ्यात बैलांसमोर डोळे मिटून बसत. रवंथ करताना बैलांच्या गळ्यातल्या घंट्या हळूहळू वाजत. मी भुकेजलेली, बाबांचा हात ओढायची. ते म्हणत, "काहून घाई करून राह्यली वं पोरी? बैलाइले निवांत होऊ दे, मंग आपुन जेवू."

आज त्याच घंट्यांवर माझा श्वास लांबत गेला.

खांद्यावर हात पडला. "आजी, वर्ग संपला. सगळ्या गेल्या."

माझ्या तोंडून आपसूक निघालं, "काहून घाई करून राह्यली वं पोरी?"