डोळ्यातला कीस

आमच्या मिस्तरींचा उजवा हात थरथरायला लागला, तेव्हा कारखान्याने त्यांना लेथ मशीनवरून उठवून गेटवर बसवलं. मेंदूचा एमआरआय स्वच्छ आला की मी परत मशीनवर, असं ते येईल त्याला ऐकवायचे. सगळे मिस्तरी म्हणतात म्हणून मीही नवऱ्याला मिस्तरीच म्हणते. माणूस महाहट्टी, पण गेटवर बसायला लागल्यापासून त्यांचं जेवणातही लक्ष नव्हतं. मला आतून धाकधूक होती.

एमआरआयच्या खोलीबाहेर तंत्रज्ञ बाईंनी विचारलं, डोळ्यात कधी लोखंडाचा कण गेलाय का, आत भलं मोठं चुंबक आहे. मिस्तरी छातीठोकपणे म्हणाले, नाही. खोटं नव्हते हो बोलत ते! त्यांच्या कारखान्यात डोळ्यात लोखंडाचा कीस उडाला की शेजारचा कारागीर पापणी उलटून रुमालाच्या टोकाने काढतो आणि दोघं पुन्हा कामाला लागतात. रजा पडली तरच 'डोळ्यात गेलं' म्हणायचं, ही तिथली रीत. यांची रजा कधी पडली नाही, म्हणजे कधी गेलंच नाही. काय बोलायचं अशा माणसाला!

"अहो बाई, थांबा," मी म्हणाले. "यांच्या डोळ्यात शंभरदा गेलंय."

मीच नोकरी घालवल्यासारखं मिस्तरींनी माझ्याकडे पाहिलं. मग डोळ्याचा एक्स-रे काढला. त्यात पांढरा ठिपका होता, तांदळाच्या कणीएवढा. चुंबकाने हा ओढला असता तर डोळा गेला असता, आता एमआरआय होणार नाही, असं म्हणून बाईंनी खोलीचं दार लावून घेतलं.

तिथून आम्ही मेंदूच्या डॉक्टरबाईंकडे गेलो. त्यांनी मिस्तरींना नुसतं चालायला लावलं, बोटं आपटायला लावली. चालताना डावा हात हलत होता, उजवा अंगाला चिकटलेला. मिस्तरींना धीर निघेना. आधी डोळ्यातला तुकडा काढा, मग मेंदूचा फोटो काढा, स्वच्छच येणार, म्हणाले.

"येईलही स्वच्छ," त्या म्हणाल्या. "कंपवात, म्हणजे पार्किन्सन, त्या फोटोत बहुतेकदा दिसत नाही. दुसरं काही नाही ना, एवढंच त्यात बघायचं होतं. आजार मला तुमच्या चालण्यात दिसतोय. मशीनजवळ आता हात न्यायचा नाही."

मिस्तरी माझ्याकडे वळले. "मग मी करू काय गं?"

इतक्या वर्षांच्या संसारात या माणसाला घाबरलेलं मी कधी पाहिलं नव्हतं.